लोडरपुढचा रानकटर

ट्रॅक्टरमागे लावायचा स्लॅशर, म्हणजे फिरत्या पात्यांनी झाडोरा कापणारं अवजार, चांगलाच असतो, पण त्याची एक गोची आहे. ट्रॅक्टर आधी रानात घुसतो आणि स्लॅशर त्याच्या मागून येतो. आमच्या काजूच्या बागेचा वरचा तुकडा तीन-चार पावसाळे तसाच पडून होता. कमरेच्या वर घाणेरी आणि रानमोडी, त्यात वेटोळे घालून बसलेली उक्षी, मध्येच करवंदाच्या जाळ्या, आणि या सगळ्याखाली जांभ्याचे सुटे धोंडे, नाहीतर कोसळलेला गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. तिथे ट्रॅक्टर घालायचा तर पुढच्या टायरांवर उदार व्हावं लागतं. मला आधी कापणारं आणि मग त्यावरून चाक नेणारं यंत्र हवं होतं.

दसऱ्यानंतर बेणणीला, म्हणजे रान साफ करायला, माणसं मिळत नाहीत, हे सिंधुदुर्गात कुणाला सांगायला नको. ग्रासकटरवाले येतात, पण मनगटाएवढ्या घाणेरीपुढे त्यांची चकती रडते. आणि काजूची गोष्ट अशी की बी खाली पडते आणि ती वेचायची असते. खाली रान असेल तर पीक येऊनही हातात येत नाही. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगराकडून वणवा येतो. बागेभोवती रुंद पट्टा साफ नसेल तर मग देवाक काळजी.

लोडर माझ्याकडे आधीपासून होता. गोव्यातलं खाणकाम 2012 मध्ये एकदा थांबलं, मध्ये सुरू झालं आणि मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबलं. त्यानंतर तिकडची बरीच यंत्रं मिळेल त्या भावात निघाली. त्यातलाच हा छोटा स्किड-स्टिअर, म्हणजे जागच्या जागी वळणारा लोडर, खनिजाच्या यार्डात सांडलेली माती गोळा करणारा. मी तो शेणखत आणि चिरे उचलायला घेतला होता. त्याच्या हाताला पुढे दोन हायड्रॉलिक कपलर, म्हणजे दाबाच्या तेलाच्या नळ्या जोडायची तोंडं, आहेत, म्हणजे बकेट काढून दुसरं अवजार लावायची सोय आहे. आयात केलेल्या तयार कटरचं कोटेशन मागवलं, आकडा वाचला आणि कुडाळच्या एमआयडीसीतल्या ओळखीच्या मेस्त्रींना फोन लावला.

मेस्त्री वेल्डिंगमध्ये पक्के, पण हायड्रॉलिक्स त्यांनी टिपर ट्रॉलीपलीकडे केलेलं नव्हतं. माझं शिक्षण मेकॅनिकलचं, पण नोकरी सोडून पंधरा वर्षं झालेली. दोघं मिळून एक माणूस पुरा झाला.

सुरुवात मोटरपासून होत नाही, लोडर किती तेल देतो इथून होते. आमच्या लोडरची नेमप्लेट घासून गुळगुळीत आणि पुस्तिका कधीच नव्हती. म्हणून धुऊन कोरडं केलेलं बॅरल घेतलं, कपलरला जुना होज जोडला, त्याचं टोक बॅरलच्या तळाशी लाकडी चापात पक्कं बांधलं आणि इंजिन पूर्ण रेसवर ठेवून वीस सेकंद तेल सोडलं. टाकीत तेल जेमतेम पन्नास लिटर, त्यामुळे याहून जास्त वेळ सोडणं शक्य नव्हतं. पंपाने हवा ओढली तर पंपच जातो. बॅरलमध्ये काठी घालून मोजलं तेव्हा मिनिटाला साठ लिटरच्या आसपास हिशोब आला. तेल गाळून परत टाकीत. मग लाइन बंद करून प्रेशर गेज लावला, तेव्हा काटा 200 बारवर जाऊन थांबला. तिथे लोडरचा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडतो.

या दोन आकड्यांवर पुढचं सगळं उभं राहिलं. लिटर गुणिले बार भागिले सहाशे म्हणजे किलोवॅट. काम करताना 180 बार धरले तर 18 किलोवॅट. मोटरमधली आणि होजमधली गळती-घर्षण वजा जाता पात्यापर्यंत पंधरा पोचले तरी पुष्कळ, म्हणजे वीस हॉर्सपॉवर. एवढ्यात चार फुटांची, म्हणजे 1.2 मीटरची कापणी निघते. पाच-सहा फुटांचा मोह सोडून दिला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर घ्यायला गेलो तर दुकानदार पहिल्या झटक्यात ऑर्बिट मोटर पुढे करतो. स्वस्त, मजबूत आणि सगळीकडे मिळते. पण ऑर्बिट ही हळू फिरून जोर लावणाऱ्या कामाची, खड्डे पाडणाऱ्या ऑगरसारख्या. शंभर सीसीची, म्हणजे एका फेऱ्याला शंभर मिलिलिटर तेल घेणारी, घेतली तर साठ लिटरला सहाशे फेरेच मिळतात. पन्नास सीसीची मिळते, पण ती मग तिच्या कमाल वेगावर दिवसभर पळणार. झाडोरा कापायला टोकाचा वेग लागतो, नाहीतर पातं कापत नाही, नुसतं चोपतं. म्हणून बिडाच्या बॉडीची पन्नास सीसीची गिअर मोटर घेतली. गळती धरून ती मिनिटाला 1080 फेरे देते, म्हणजे सेकंदाला अठरा. चार फुटांच्या फिरकीत टोकाचा वेग सेकंदाला 68 मीटर, ताशी 240 किलोमीटरच्या वर.

हा आकडा मी मेस्त्रींना सांगितला. ते बराच वेळ बिडी न पेटवता बसले आणि मग म्हणाले, "दादानू, ह्यां पातां सुटलां तर खंय जातलां?"

खरा प्रश्न तोच होता. पुढच्या कामातला बहुतेक वेळ आणि पैसा त्याच्या उत्तरात गेला. कापणं हा त्यातला सोपा भाग.

गिअर मोटरच्या शाफ्टला आडवा मार अजिबात सोसत नाही. तो थेट पात्याला जोडला तर पहिल्याच खुंटावर मोटरच्या आतल्या बुशी जातील. म्हणून पात्याला स्वतःचा स्पिंडल, म्हणजे बेअरिंगवर फिरणारा वेगळा दांडा, हवा. ईएन 19 या मिश्र पोलादाचा शाफ्ट कातून घेतला, त्यावर 32210 या टेपर बेअरिंगची जोडी तोंडं उलटी करून बसवली. जाड सीमलेस पाइपमधून हाउसिंग केलं. मोटर वरून, मध्ये रबरी स्पायडरचं कपलिंग, त्यामुळे मोटरकडे फक्त पीळ जातो, धक्का जात नाही. ईएन 19 ला वेल्डिंग लावायचं नाही हे आधीच ठरवलं होतं, कारण नीट गरम न करता वेल्ड केलं की जोडाच्या शेजारी चीर जाते. शाफ्टच्या खालच्या टोकाला टेपर, चावी, कॅसल नट आणि स्प्लिट पिन. सगळं खोलून परत बसवता येतं.

खाली वीस मिलिमीटर जाड प्लेटची दोन फूट व्यासाची चकती. ती एकटीच 44 किलोची. एवढी जड कशाला, हा प्रश्न कातकाम करणाऱ्यानेही विचारला. दोन कारणं आहेत. मोटरचा पीळ जेमतेम 130 न्यूटन मीटर. जाड खोड आडवं आलं की तेवढ्याने भागत नाही, तिथे चकतीत साठलेली गती कामी येते. आणि दुसरं, खाली धोंडा आला तर चकती त्यावरून घसरत जाते. तिच्या कडेला दोन पाती बोल्टवर सुटी लटकवलेली. फिरताना ती बाहेर ताणून उभी राहतात, दगडाला लागली तर मागे मुडपतात.

पात्यांवरून आमचा वाद झाला. मेस्त्री म्हणाले, "ट्रकाचो पाटो घेवया. मरासर झिजाचो नाय." कमानपाट्याचं पोलाद चिवट खरं, पण ते ट्रकखाली वाकून परत येण्यासाठी पाणी दिलेलं असतं. गॅसने कापलं, धार लावताना तापलं की कुठे ठिसूळ, कुठे मऊ, याचा भरवसा नाही. असं पातं दगडावर आपटून तुकडा उडाला तर तो तुकडा ताशी 240 नेच निघणार. मी बाजारातली स्लॅशरची तयार पाती घेतली, दहा मिलिमीटर जाड. ती आपटली तर वाकतात, फुटत नाहीत. मेस्त्रींना हे पैसे वाया घालवल्यासारखं वाटलं. मग मी कागदावर हिशोब करून दाखवला. सव्वादोन किलोचं पातं या वेगाला आपल्या बोल्टला साधारण बारा क्विंटल जोराने बाहेर ओढतं, आणि फिरतं आहे तोवर सतत ओढत राहतं. बोल्ट 24 मिलिमीटरचे, 10.9 ग्रेडचे घेतले, आटे चकतीच्या जाडीत येणार नाहीत एवढी गुळगुळीत दांडी असलेले.

दोन्ही पाती एकाच वजनाची पाहिजेत. ती वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली तर एक दुसऱ्यापेक्षा 50 ग्रॅमने जड निघालं. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभर शेंगदाणे, पण फिरताना तो फरक पंचवीस किलोच्या धक्क्याएवढा होतो, तोही सेकंदाला अठरा वेळा. जड पात्याची मागची बाजू ग्राइंडरवर घासत घासत काटा जुळवला. वाणी म्हणाला, पातं विकत घेताय की सोनं?

डेकचं, म्हणजे पात्यांवरच्या लोखंडी छपराचं, काम तुलनेने सरळ. सहा मिलिमीटरची प्लेट, वरून 75 चे चॅनल आडवे-उभे, कडेला आठ मिलिमीटरची पट्टी. सलग वेल्ड मारला तर प्लेट खुर्चीच्या बैठकीसारखी वाकते, म्हणून मेस्त्रींनी समोरासमोर, थांबत थांबत तुकड्या-तुकड्याने शिवलं. स्पिंडलच्या बैठकीला आणि लोडरला अडकणाऱ्या प्लेटला 7018 च्या वेल्डिंग कांड्या, भट्टीत शेकून घेतलेल्या. लोडरला अडकायची प्लेट बकेटच्या मागून पुठ्ठ्यावर आखून काढली. हे माप एकदा चुकलं की लॉकचा खुंटा पूर्ण बसत नाही आणि अवजार हातातून निसटू शकतं, त्यामुळे पुठ्ठा आधी लोडरला लावून पाहिला आणि मगच प्लेट कापली. वजन साडेतीनशे किलोच्या घरात गेलं. लोडरने ते सहज उचललं.

आता थांबवण्याविषयी. लोडरवरचा लिव्हर सोडला की तेलाची वाट दोन्ही बाजूंनी बंद होते. पण चकती तर फिरतेच आहे. तिच्यात त्या क्षणी सतरा किलोज्यूल साठलेले असतात, म्हणजे सिमेंटचं पोतं पस्तीस मीटर उंचीवरून खाली यावं तेवढे. ती फिरता फिरता मोटरलाच पंप बनवते. एका बाजूने तेल मागते, ते मिळत नाही. दुसऱ्या बाजूने तेल ढकलते, त्याला वाट नाही. मग एकीकडे पोकळी, दुसरीकडे दाबाचा तडाखा, आणि होज नाहीतर कपलिंग नाहीतर सील, जे कच्चं असेल ते जातं. यावर उपाय साधा आहे. मोटरला लागूनच एक ब्लॉक, त्यात दोन तोंडांमध्ये एक एनआरव्ही, म्हणजे तेल एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आणि एक रिलीफ. लिव्हर सोडला की बाहेर पडणारं तेल एनआरव्हीतून परत मोटरच्या तोंडात येतं, तिथल्या तिथे गोल फिरतं आणि चकती आपल्या गतीने मंदावते. पात्याने खोड गच्च पकडलं तर रिलीफ उघडतो. हा ब्लॉक उद्यमनगरातच करून घेतला. माझ्या मते या अवजारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो दिसतही नाही.

याची किंमत अशी की लिव्हर सोडल्यावर पातं पूर्ण थांबायला जवळजवळ पाऊण मिनिट लागतं. आवाज आधी बंद होतो, पातं नंतर. त्यामुळे डेकवर लाल रंगात लिहून घेतलं: पातं थांबलेलं दिसेपर्यंत जवळ येऊ नये.

मोटरला आणखी एक बारीक नळी लागते, ड्रेनची. आतल्या गळतीचं तेल तिथून दाबाशिवाय टाकीत परत गेलं पाहिजे. ती नळी जोडली नाही किंवा चिमटली तर दाब शाफ्टच्या सीलवर येतो आणि सील बाहेर. लोडरला तिसरा कपलर नव्हता, म्हणून टाकीच्या झाकणाशेजारी निपल बसवून 3/8 इंचाची वेगळी लाइन हाताच्या कडेने पुढे आणली. मुख्य दोन होज अर्धा इंची, दोन तारांच्या विणीचे. लोडरच्या केबिनला पुढून काच नाही, नुसती चौकट. तिथे 12 मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट बोल्ट केली. ॲक्रिलिक दिसायला तेच आणि स्वस्त, पण दगड लागला की त्याचे सुरे होतात.

चाचणी बागेत घ्यायची नाही यावर आमचं एकमत होतं. जवळच एक बंद चिरेखाण आहे, तिन्ही बाजूंनी दोन पुरुष उंच जांभ्याच्या सरळ भिंती, जाण्याला एकच उतार. याहून चांगली जागा कुठे मिळणार? लोडर आत नेला, तोंड भिंतीकडे. उतारावर वाटेला बांबू आडवा टाकला. डेकपासून दहा-बारा पावलांवर सेंटरिंगच्या जुन्या फळ्या उभ्या केल्या, पुढे आणि दोन्ही बाजूंना, कुठून काय उडतं त्याची खूण पडावी म्हणून. आधी पात्यांशिवाय नुसती चकती फिरवली. बेअरिंगवर हात ठेवला, कोमट. मग पाती लावून इंजिन मंद ठेवून, आणि शेवटी पूर्ण रेसवर. आवाज अपेक्षेपेक्षा कमी, एक जाड घोंघावणं. डेकवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातलं पाणी थरथरत होतं, पण सांडलं नाही. वाण्याचा काटा कामी आला.

मग मुद्दाम खडीची पाटी ओतली आणि डेक त्यावर टेकवला.

बाजूच्या फळ्यांवर काहीच नव्हतं. समोरच्या फळीला मात्र गुडघ्याच्या उंचीला तीन भोकं आणि एक खडा फळीत अर्धा रुतलेला. मेस्त्री तो उकरून काढून हातात फिरवत बसले. पुढचं तोंड खोडं आत घ्यायला उघडं ठेवावंच लागतं, त्यामुळे तिथे साखळ्यांचा पडदा लावला, आठ मिलिमीटरच्या साखळीचे तुकडे दाटीने, जमिनीपासून दोन बोटं वर. पुन्हा खडी ओतली. या वेळी फळीवर नुसते ओरखडे. तरीही नियम केला: काम चालू असताना समोर शंभर मीटरमध्ये कुणी नाही. वाडीतली पोरं बघायला येतात, म्हणून एक माणूस फक्त त्यांना हाकलायला.

बागेतलं काम मजेचं आहे, हे कबूल. जाळीसमोर लोडर उभा करायचा, डेक छातीएवढा उचलायचा, वरून हळूहळू खाली आणायचा. घाणेरी वरपासून भुगा होत खाली येते, आणि तिचा तो उग्र वास दिवसभर कपड्यांना राहतो. रानमोडी तर कापली गेली हेही कळत नाही. उक्षीच्या वेली सुरुवातीला स्पिंडलभोवती गुंडाळायच्या, म्हणून खालच्या सीलभोवती पाइपची वाटी घातली. मनगटाएवढं खोड एका दमात जातं, त्याहून जाड असेल तर कडेने कुरतडत जावं लागतं. सगळ्यात वाईट शत्रू म्हणजे जुन्या कुंपणाची काटेरी तार. ती गवतात दिसत नाही आणि एकदा ओढली गेली की सोडवायला तास जातो. म्हणून आधी कोयती आणि काठी घेऊन चालत जायचं. फुरसं आमच्याकडे दगडातच असतं, त्यामुळे पायात गमबूट.

उतारावर मात्र मी घाबरून वागतो. पुढे साडेतीनशे किलो लटकलेले असताना लोडर आडवा घालायचा नाही. सरळ वर-खाली, डेक जमिनीलगत. जिथे पाय चढताना धाप लागते तो भाग अजूनही ग्रासकटरवाल्यांकडेच आहे.

दुपारी तेल तापतं. इन्फ्रारेड थर्मामीटर टाकीवर धरला तर दोन तासांनी 80 अंशांकडे जातो. मी 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल वापरतो, आपल्या हवेला ते बरं, पण खरं कारण वेगळं निघालं. कापलेल्या रानाचा भुसा कूलरच्या जाळीत बसतो. दर तासाला इंजिन बंद करून ब्लोअर मारला की तापमान उतरतं. सायलेन्सरजवळचा भुसाही त्याच वेळी काढतो. वणव्यासाठी पट्टा कापायला जाऊन आपणच वणवा लावायचा नाही.

घाणेरी नुसती कापून मरत नाही. बुंध्यापासून फुटवे येतात, दोन महिन्यांत पुन्हा गुडघाभर. पण ते कोवळे असतात, त्यावर दुसरा हात फिरवायला पहिल्याच्या पाव वेळ लागतो. जिथे आम्ही दोनदा फिरवलं तिथे यंदा गवत वर आलंय. बाकीचे बुंधे पावसात माती मऊ झाली की पिकावाने काढायचे.

खर्च सगळा धरून सव्वा लाखाच्या आत बसला, मेस्त्रींची मजुरी त्यांनी नेहमीप्रमाणे कमीच सांगितली.

आता शेजारच्या वाडीतल्या चुलतभावाला त्याच्या ट्रॅक्टरच्या फ्रंट लोडरवर हेच हवंय. त्याच्या ट्रॅक्टरचा पंप मोजला तर तीस लिटरही धड देत नाही. म्हणजे हीच मोटर साडेपाचशे फेऱ्यांच्या खाली फिरणार. छोटी मोटर घातली तर वेग मिळेल, पण ताकद दहा-बारा हॉर्सपॉवर. मी त्याला म्हटलं, तुझ्या बागेत गडगे नाहीत, जमीन सपाट आहे, पीटीओवरचा, ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणारा, स्लॅशर घे आणि गप्प बस. मेस्त्री मात्र त्याला लोडरसाठी वेगळी पॉवरपॅक, म्हणजे स्वतःचं इंजिन आणि पंप, बसवायचा सल्ला देऊन आलेत आणि जुन्या डिझेल इंजिनाचा शोधही सुरू आहे.

हंगाम संपल्यावर पात्यांचे बोल्ट काढून व्हर्निअरने मापले. दांडी एका बाजूने अर्धा मिलिमीटर खाल्लेली होती. बोल्ट दिसायला ठणठणीत, पण दोन्ही भंगारात टाकले आणि नवीन आणून ठेवलेत. पाती उलटी करून दुसरी धार वापरायची आहे. त्याआधी पुन्हा वाण्याकडे जायचंय.